चौदाव्या कलमाचे मराठी

“शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५. लातूर. नळाला सहा दिवसांनी पाणी आले. पिंप व दोन्ही घागरी भरल्या. मनस्विनी पावणेसातला क्लासला गेली. डबा पोळी, दोडका. दुपारी शिवगंगाबाई शेपू निवडायला आल्या. सायंकाळी सातचा अहवाल: रस ८४, लक्ष ८८, कंटाळा ६. चाचणीचा निकाल: ७२० पैकी ४७२. मागील खेपेस ६०९ होते. रात्रीच्या वरणात मीठ घालायचे राहिले. मनस्विनी आधी जेवून उठली होती. मला नंतर कळले.”

चंद्रप्रभाबाईंची डायरी अशीच असे. त्यात घडलेलं असे, वाटलेलं नसे. त्यांचे वडील धर्माबादला स्टेशनमास्तर होते आणि आठव्या वर्षी त्यांनी मुलीला सिकंदराबादच्या मिशनच्या शाळेत ठेवलं होतं. तिथे सिस्टर अगाथांनी प्रत्येक मुलीच्या हातात एक वही देऊन बजावलं होतं, की जे झालं ते लिहायचं; जे वाटलं ते लिहायचं नाही, कारण ते सकाळपर्यंत बदलतं. इतर मुलींनी महिन्याभरात वह्या टाकल्या. चंद्रप्रभाबाईंच्या चौसष्ट झाल्या. यजमान माधवराव गेले त्या दिवशीची नोंदसुद्धा तीन ओळींची होती: पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी हे गेले, साडेचारला डॉक्टर आले, दूधवाल्याला आज नको म्हणून कळवले.

वरणातल्या मिठाची ती नोंद करताना मात्र त्यांचा हात थांबला होता. नातीनं ते अळणी वरण दोन वाट्या खाल्लं होतं. भुवया किंचित वर, ओठ जरासे विलग, मान हलवत म्हणाली होती, “छान झालंय, आजी.” आणि स्वतः पहिला घास घेतल्यावर चंद्रप्रभाबाईंना कळलं, की आपल्या घरातली पोर आपल्यासमोर तोंडाला मुखवटा लावून जेवतेय. तो तिला कुणी लावायला लावला, हेही त्यांना त्याच घासाला कळलं.

त्या लातूरला आल्या होत्या जूनमध्ये. नांदेडकडची पोरं दहावीनंतर डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला येतात आणि त्यांच्यामागे घरातली एक बाई येते, आई नाहीतर आजी. शेगडी, कुकर, दोन गाद्या घेऊन ती दोन खोल्यांत दोन वर्षं काढते, पहाटे डबा करते, संध्याकाळी वाट बघते. त्यांचा मुलगा श्रीनाथ आणि सून दोघंही नायगावला शिक्षक. सुट्टी मिळणार नव्हती, तेव्हा त्र्याहत्तराव्या वर्षी चंद्रप्रभाबाईंनी बिऱ्हाड हलवलं. इमारतीत अशी आठ बिऱ्हाडं होती. समोरच्या दाराला देगलूरकडच्या शिवगंगाबाई, नातू हरिओमला घेऊन. त्यांच्या घरची शेती होती, त्यांना सही करता येई, पण वाचायचं काम पडलं की त्या मोबाईल लांब धरत. चंद्रप्रभाबाईंना त्या पहिल्या दिवसापासून ‘कानव्हेंटबाई’ म्हणत, तोंडावर.

प्रवेशाचा फॉर्म आठ पानी होता आणि इंग्रजीत होता. क्लासच्या कचेरीत पालकांची रांग लागली होती. प्रत्येक जण थेट शेवटचं पान उघडून सही ठोकत होता. चंद्रप्रभाबाई बाकावर बसल्या, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. कारकुनानं दोनदा घड्याळ पाहिलं. मग त्यालाच युक्ती सुचली, आणि जो कोणी काही विचारील त्याला तो सांगू लागला, की काकू वाचतायत, त्यांना विचारा. बघता बघता भोवती अकरा माणसं जमली, त्यांत शिवगंगाबाईही. चंद्रप्रभाबाई एकेक कलम वाचून मराठीत सांगू लागल्या. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्या इंग्रजीला विचारत होतं. पाठ आपोआप ताठ झाली.

चौदावं कलम लांबलचक होतं. वर्गातले कॅमेरे विद्यार्थ्याचा चेहरा टिपतील. त्यावरून संगणक त्याच्या मनातला रस, कंटाळा, ताण, उदासी ओळखील. ती माहिती साठवली जाईल, तुकडी ठरवायला वापरली जाईल आणि सहयोगी संस्थांना देता येईल. चंद्रप्रभाबाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना ते समजलं. सिस्टर अगाथा वर्गाच्या दाराच्या काचेतून बघत उभ्या राहायच्या, तसंच काहीसं असेल असं त्यांना वाटलं. पण हे एवढं या लोकांना सांगत बसायचं म्हणजे एकातून दहा प्रश्न निघणार, आणि अजून चार पानं बाकी. त्या म्हणाल्या, “वर्गात कॅमेरा आहे. तो हजेरी घेतो, लक्ष आहे का बघतो. मुलांच्या भल्याचंच आहे.”

अकरा जणांनी सह्या केल्या. बारावी सही त्यांची स्वतःची, सगळ्यांत वळणदार. त्या दिवशी, सोमवार, ९ जूनला, त्यांनी डायरीत लिहिलं: “अकरा पालकांना फॉर्म समजावून दिला. कलम १४ बद्दल, कॅमेरा हजेरी घेईल, एवढे सांगितले.”

मग रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला मोबाईलवर अहवाल येऊ लागला. मनस्विनीचा रस तीसच्या आसपास, लक्ष चाळीस, कंटाळा साठाच्या वर. चंद्रप्रभाबाई ते आकडे लाल शाईनं डायरीत उतरवू लागल्या. आकडा म्हणजे घडलेली गोष्ट, वाटलेली नव्हे. वहीत जायला त्याला कसली आडकाठी नव्हती. शिवगंगाबाईंना त्याचं काहीच वाटत नसे. “आमचा हरिओम वाचून दावतो की,” त्या भाजी निवडता निवडता म्हणायच्या. “रोज शंभर असतंय म्हणं त्याचं. तुमच्या पोरीचं कमी येतंय व्हय?”

कमी येत होतं, आणि ते का, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी चंद्रप्रभाबाईंना ठाऊक असायला हवं होतं. मनस्विनी डोळे मिटून ऐकायची. लहानपणी नायगावच्या ओसरीवर त्यांनीच तिला पाढे तसे शिकवले होते. डोळे मीट म्हणजे आकडा दिसतो, असं सांगून. पोरीनं ती सवय सोडली नाही. हनुवटीखाली मूठ, डोळे बंद, चेहरा अगदी निवलेला. सगळी दहावी तिनं अशीच पार केली. लातूरच्या गच्चीवरही ती तशीच फेऱ्या मारत धडे म्हणायची. ऑगस्टमधल्या एका पानावर दोन्ही नोंदी एकाखाली एक होत्या. निळ्या शाईत: “पेशीचा सगळा धडा डोळे मिटून म्हणून दाखवला, एकही चूक नाही.” खाली लाल शाईत: “कंटाळा ६३.” दोन्ही त्यांच्याच हातच्या, आणि त्यांनी खरी मानली ती लाल.

त्या रात्री त्या नातीला बोलल्या. तुझा चेहराच सांगतोय, यंत्राचं काय तुझ्याशी वैर आहे का, असं म्हणाल्या. श्रीनाथला फोन करून पोरीचं मन लागत नसल्याचं कळवलं. मनस्विनी एवढंच म्हणाली, “आजी, डोळे मिटायला तूच शिकवलंस ना?”

“तेव्हा लहान होतीस,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “आता उघडे ठेव.”

ऑगस्टअखेर तिला पहिल्या तुकडीतून तिसऱ्या तुकडीत टाकलं. चाचणीचे गुण चांगले होते, पण क्लासचं म्हणणं, भाव-अहवाल खाली आहे. त्यानंतर पोरगी न्हाणीघरात फार वेळ लावू लागली. अभ्यासाच्या टेबलावर पुस्तकाला टेकवून छोटा आरसा दिसू लागला. तिला आरशाकडे बघून हसताना पाहिलं, तेव्हा चंद्रप्रभाबाईंच्या डोक्यात सोळा वर्षांच्या मुलीबद्दल आजीच्या डोक्यात जे येतं तेच आलं. त्यांनी आरसा उचलला आणि कोण आहे तो, असं विचारलं.

कोणीच नव्हतं. ती लक्ष असल्याचा चेहरा बसवत होती. भुवया इतक्या वर, ओठ इतके उघडे, दर मिनिटाला एकदा मान. जास्त हसलं तरी यंत्र गुण कापतं, तेही तिनं शोधून काढलं होतं. पंधरा दिवसांत रस ऐंशीच्या वर गेला आणि चंद्रप्रभाबाईंनी समाधानानं लाल आकडे लिहिले. चाचणीचा निकाल आला तेव्हा त्या चकित झाल्या. इतकं लक्ष असून एवढे गुण गेले कुठे, असं त्यांनी विचारलं. मनस्विनीनं वही मिटली आणि म्हणाली, “चेहरा सांभाळू का ऐकू, आजी? दोन्ही होत नाही.”

त्याच रात्री ते अळणी वरण झालं.

दुसऱ्या दिवशी त्या क्लासच्या कचेरीत गेल्या. विद्यार्थ्यांची कामं बघणारे सत्यम सर तिशीतले, अदबशीर. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं. मुलगी डोळे मिटून ऐकते हे त्यांना पटलंही, पण यंत्रात तशी सोय नव्हती. मग त्यांनी कपाटातून फॉर्म काढून चौदावं कलम पुढे केलं. “आणि काकू, तुम्हीच तर सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. कचेरीच्या कॅमेऱ्यात आहे ते. आम्ही नव्या पालकांना सांगतो, आमच्याकडे पालक फॉर्म समजून घेऊन सही करतात.” हे ते कौतुकानं म्हणाले. चंद्रप्रभाबाई चहाचा कप तसाच ठेवून उठल्या.

गल्लीच्या तोंडाशी विशाखा नावाच्या वकीलबाई राहत होत्या, ग्राहकांच्या तक्रारी चालवणाऱ्या. चंद्रप्रभाबाई त्यांच्याकडे वहीसकट गेल्या. विशाखानं आधीच सांगून टाकलं, की फार आशा धरू नका. युरोपात शाळेत नि कामाच्या जागी माणसाच्या भावना ओळखणारं यंत्र लावायला कायद्यानं मनाई झालीय. आपल्याकडे अशा यंत्रासाठी नावानिशी कायदा नाही. मुलांच्या माहितीबद्दल एक कायदा झालाय, पण त्याचे नियम अजून यायचेत. हाताशी आहे तो ग्राहकाचा कायदा. फी भरून शिकवणी घेतली म्हणजे आपण ग्राहक; सेवेत खोट असली, करार एकतर्फी असला, तर दाद मागता येते. तेही सगळ्या क्लासच्या बाबतीत सरळ नाही, वाद घालावा लागेल. आणि समोरचे एकच गोष्ट धरून बसतील: पालकांनी समजून उमजून संमती दिली.

चंद्रप्रभाबाईंनी नऊ जूनचं पान उघडून समोर ठेवलं. विशाखानं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“काकू, हे पान आपल्याला तारतंय. अकरा जणांना खरं कलम कळलंच नव्हतं, हे यातून सिद्ध होतं. पण मग ते कुणामुळे कळलं नाही, तेही होतं.”

“मला कळतंय ते,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

डायरी दाखल करायची तर लाल आकड्यांची पानंही जाणार होती, नातीला काय काय बोलल्या तेही. श्रीनाथनं फोनवर हे नको म्हटलं. क्लासवाले पोरीवर डूख धरतील, आणि सही तर आई तूच केलीस ना, असं तो म्हणाला. तक्रार केलीच नसती तर कुणाला काही कळलं नसतं. पोरगी चेहरा करत राहिली असती, नाहीतर डॉक्टरकीचा नाद सोडून नायगावला परत गेली असती, आणि लोक म्हणाले असते, तिचं मन लागलं नाही.

सगळ्यांत आधी शिवगंगाबाईंना सांगायचं होतं. त्या दुपारी दोघी अंबाडी निवडत होत्या. चंद्रप्रभाबाईंनी कलम सांगितलं, या खेपेला पूर्ण. एक शब्द गाळला नाही. शिवगंगाबाईंचे हात हळूहळू थांबले.

“म्हंजी तुमाला ठावं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आन् आमाला हजेरी म्हणून सांगितलात.”

चंद्रप्रभाबाईंनी मान हलवली. शिवगंगाबाई आपल्या वाटची भाजी पदरात घेऊन उठल्या. चार दिवस समोरचं दार त्यांच्यासाठी उघडलं नाही. जिन्यात भेट झाली तरी त्या भिंतीकडे बघून उतरत. त्या चार दिवसांच्या डायरीत रोज एक ओळ आहे: “भाजी एकटीने निवडली.”

पाचव्या दिवशी शिवगंगाबाईच आल्या, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. हरिओमला त्यांनी दम देऊन खरं विचारलं होतं. त्याचं शंभर कधीच नव्हतं. यंत्र त्याला रोज ‘ताण’ दाखवत होतं, आणि आजीला घोर नको म्हणून पोरगं रोज शंभर वाचत होतं. “मला वाचता येत न्हाई म्हणून पोरगं खोटं बोललं,” त्या म्हणाल्या. “तुमाला येतंय म्हणून तुमी. काय करावं आता?” मग म्हणाल्या, “कागुद आणा इकडं. पण आता नीट वाचून सांगा, कानव्हेंटबाई. एक शबुद सोडायचा न्हाई.”

रविवारी गच्चीवर सतरंजी टाकून चंद्रप्रभाबाईंनी अकराही घरच्या माणसांना तक्रारीचा कागद वाचून दाखवला. आधी फॉर्मचं कलम, मग आपण त्या दिवशी काय सांगितलं होतं ते. प्रश्न निघाले, दहा नव्हे, पंचवीस निघाले. ज्या प्रश्नांच्या भीतीनं त्यांनी जूनमध्ये कलम आखडून घेतलं होतं, तेच हे प्रश्न. हे फोटो कुठं जातात? पोरीच्या लग्नात कुणी काढून दाखवलं तर? पाठीमागं बसलेल्याचा पण चेहरा घेतंय का? त्यांच्याजवळ निम्म्यांची उत्तरं नव्हती, आणि तसं त्यांनी सांगितलं. एका बापानं सरळ म्हटलं, की तुमच्या भरवशावर एकदा सही केली तेवढी पुरे. तो आणि आणखी तिघं उठून गेले. सात जणांनी सह्या दिल्या.

तारीख पडली बुधवार, २६ नोव्हेंबरची. ग्राहक आयोगाच्या खोलीत पंखा बंद होता. मागच्या बाकावर मनस्विनी आणि शिवगंगाबाई. क्लासच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे संमतीचा मुद्दा धरला. अकरा पालकांना एका सुशिक्षित बाईंनी फॉर्म समजावून दिला आहे, त्याचं चित्रीकरण आहे. मग विशाखानं वहीचं पान पुढे केलं. अध्यक्षबाईंनी ते वाचलं आणि ज्यांनी लिहिलं त्यांनाच उभं केलं.

इंग्रजी येतं का, असं त्यांनी विचारलं. येतं. कलम त्या दिवशी समजलं होतं का? समजलं होतं.

“मग बाकीच्यांना पूर्ण का नाही सांगितलं?”

चंद्रप्रभाबाईंनी याचं उत्तर घरी तयार करून ठेवलं होतं: वेळ कमी होता, रांग मोठी होती. ते खरंही होतं. पण तोंडातून वेगळंच आलं.

“त्यांना कळणार नाही असं मी मनाला सांगितलं,” त्या म्हणाल्या. “पण खरं तर ते कळलं असतं. मग त्यांनी प्रश्न विचारले असते, आणि मला उत्तरं आली नसती. मला त्या दिवशी सगळं येत असलेली बाई व्हायचं होतं.”

अध्यक्षबाईंनी ते उत्तर टिपून घेतलं. चंद्रप्रभाबाईंना मागे वळून नातीचा चेहरा बघावासा वाटला. त्या वळल्या नाहीत.

दुपारी अंतरिम आदेश झाला. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत क्लासनं चेहऱ्यावरून भावना काढू नयेत, अहवाल पाठवू नयेत, तुकडी त्यावर ठरवू नये, कॅमेरा हजेरीपुरता. मनस्विनीची तुकडी चाचणीच्या गुणांवर पुन्हा बघावी. विशाखानं बाहेर येताच बजावलं, की हा निकाल नाही, क्लासवाले वर जातील, पेढे वाटू नका. पेढे वाटायचं कुणाच्या मनातही नव्हतं. शिवगंगाबाई म्हणाल्या, “हजेरीच म्हणाला होता की तुमी. आता झालं खरं,” आणि रिक्षात चढल्या.

घराच्या जिन्याशी आजी-नात दोघीच राहिल्या, तेव्हा चंद्रप्रभाबाईंनी डायरीत कधी न बसलेलं, मनातलं एक वाक्य नातीजवळ पहिल्यांदा उच्चारलं. “मनू, तू समोर होतीस आणि मी आकडा खरा धरला. चुकलं माझं.”

मनस्विनीनं भुवया किंचित वर केल्या, ओठ जरासे विलग केले, मान हलवली. “असू दे ना, आजी.”

तो चेहरा बंद करायचा आदेश कुठलाही आयोग देऊ शकत नव्हता. चंद्रप्रभाबाई वर गेल्या, पदर खोचला आणि वांगं गॅसवर ठेवलं. साल काढलं, कांदा चिरला, दाण्याचं कूट घातलं. मन तिथे नव्हतं. हात सवयीनं चालत होते. पान वाढल्यावर त्या नातीकडे पाठ करून भाकरी थापत राहिल्या. हल्ली त्या तिच्याकडे बघायचं टाळत, म्हणजे तिला काही करून दाखवावं लागू नये.

“शी! आजी, लई खारट झालंय. हे नाही खाववत मला.”

त्यांनी वळून पाहिलं. पोरीनं नाक मुरडलं होतं, कपाळाला आठ्या होत्या, ओठ वाकडे झाले होते, आणि ताटली तिनं हातभर लांब सारली होती.

त्या संध्याकाळी लाल पेन त्यांनी कपाटात ठेवून दिलं. नोंद निळ्या शाईत आहे. आयोगाची वेळ, आदेशातली तीन वाक्यं, रिक्षा, आणि शेवटची ओळ: “भरितात मीठ जास्त पडले, मनस्विनीने दही मागून घेतले.”